आधी घरच्यांचा दंड

(संत गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्त अमरावतीत दिलेले व्याख्यान)



रक्ताच्या कॅन्सरवर बोला, पण लोकांना घाबरवू नका, अशी तंबी संयोजकांनी मला दिली आहे. ती पाळणं सोपं आहे, कारण आज माझा बहुतेक वेळ सर्दी-खोकला, ताप, कूलर आणि पाव्हणे यांवरच जाणार आहे. जुनाट प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरचा रुग्ण आज वऱ्हाडात वर्षानुवर्षं गोळी खात शेती करतो, दुकान चालवतो, लेकीचं लग्न लावतो. त्याला आडवं पाडतं ते बऱ्याचदा घरात शिरलेलं साधं दुखणं.

हा जुनाट रक्ताचा कॅन्सर मुख्यतः दोन प्रकारचा. एक सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. दुसरा सीएलएल, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. पाश्चात्त्य देशांत सीएलएल जास्त, आणि तो उतारवयातला. आपल्याकडे सीएमएल जास्त दिसतो, तोही तिशी-चाळिशीतल्या कमावत्या माणसांत. १९६० साली फिलाडेल्फियात दोन संशोधकांना सीएमएलच्या पेशींमध्ये एक आखूड गुणसूत्र सापडलं. ते नऊ आणि बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन तयार होतं, हे १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखवलं. २००१ साली त्या बिघाडावर नेमकी काम करणारी इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली. आपल्यासाठी मात्र मोलाची तारीख १ एप्रिल २०१३. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं या गोळीवरचा नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती, पुढे आणखी उतरली. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांना या निकालाची गंधवार्ता नाही, पण ती घरं त्या निकालावर उभी आहेत.

आता माणूस जगतो, आणि वर्षं काढतो. म्हणूनच फ्लूचा प्रश्न येतो. जो रुग्ण काही वर्षांतच दगावायचा, त्याच्यासाठी दर वर्षी घ्यायच्या लशीचा विचार कोण करणार होतं?

रिपोर्ट हातात घेऊन आलेल्या रुग्णाच्या मनात पहिला घोळ होतो तो आपल्या प्रतिकारशक्तीबद्दल. पांढऱ्या पेशी शरीराचं रक्षण करतात हे त्यानं शाळेत वाचलेलं असतं. रिपोर्टात त्या दहा हजारांऐवजी लाखावर गेलेल्या दिसतात. मग तो म्हणतो, "डॉक्टरसाहेब, पेशी तं लय वाढल्या, म्हंजे ताकद वाढली ना?" मतदारयादीत हजार नावं असावीत आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर कुत्रंही फिरकू नये, तशी ही गर्दी असते. सीएलएलमध्ये बी-लिम्फोसाइट नावाच्या पेशी ढिगानं साठतात, पण त्यांना अँटीबॉडी बनवता येत नाहीत. रक्तातली इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे या अँटीबॉडींची, पातळी वर्षागणिक खाली येते. उपचार सुरूच झालेला नाही, डॉक्टर नुसतं ‘लक्ष ठेवू’ म्हणाले आहेत, अशा रुग्णालाही ही उणीव असते. औषध नाही म्हणजे धोका नाही, असं त्याच्या घरचे समजतात आणि तिथेच फसतात.

सीएमएलचं तसं नाही. गोळीनं आजार काबूत असेल तर या रुग्णाची प्रतिकारशक्ती बऱ्यापैकी शाबूत राहते. २००९ च्या स्वाइन फ्लूनंतर लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांना त्या फ्लूची लस देऊन कोणाच्या रक्तात किती संरक्षण तयार होतं ते मोजलं गेलं. एका डोसनंतर निरोगी माणसांमध्ये शंभरातल्या शंभरांना संरक्षण मिळालं, सीएमएलच्या रुग्णांमध्ये ८५ टक्क्यांना, आणि बी-पेशींच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये, ज्यांत सीएलएल येतो, फक्त ३९ टक्क्यांना. दुसऱ्या डोसनंतर सीएमएलचा आकडा ९५ वर आणि बी-पेशींच्या कॅन्सरचा ६८ वर गेला.

हे आकडे ऐकून कोणी म्हणेल, मग सीएलएलवाल्यानं कशाला टोचून घ्यायचं? मी त्यातून दोन गोष्टी घेतो. एक, शंभरात ३९ जण वाचत असतील तर ते ३९ सोडायचे नाहीत, आणि महिन्यानं दुसरा डोस घ्यावा का हे आपल्या डॉक्टरला विचारायचं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्यासाठीच मी आज इथे उभा आहे. ज्याची लस अर्धीमुर्धी चालते त्याचं रक्षण त्याच्या दंडात टोचून पुरं होत नाही. ते बायकोच्या, मुलाच्या, सुनेच्या, शाळेतून शेंबूड घेऊन येणाऱ्या नातवाच्या दंडात टोचावं लागतं. विषाणू घरात आलाच नाही तर आजोबांच्या अँटीबॉडीची परीक्षाच होत नाही.

गाडगेबाबांचं नाव मी केवळ आजची तिथी म्हणून घेत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा उभारली ती खाटेवरच्या रुग्णासाठी नव्हती. खाटेवरच्याला तर इस्पितळ होतंच. ती होती त्याच्याबरोबर आलेल्या, फूटपाथवर झोपणाऱ्या माणसांसाठी. आज टाटा रुग्णालयात जाणारे आपले कितीतरी लोक त्यांच्या मिशनच्या दादरच्या धर्मशाळेत उतरतात. रुग्णाचा विचार करायचा तर आधी त्याच्या सोबत्याचा करावा लागतो, हे शेंडगावच्या या माणसाला कोणत्याही वैद्यकीय परिषदेशिवाय कळलं होतं.

आता लशीकडे वळू. फ्लू म्हणजे साधी सर्दी, हा समज वऱ्हाडानं तरी बाळगू नये. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून हा ताप देशात शिरला, पावसाळा सरता सरता दुसऱ्यांदा उसळला आणि रेल्वेच्या रुळांनी आत आत पसरला. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. ज्या प्रांतांना सर्वांत जास्त झळ बसली त्यांत ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ होता. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. जनगणनेच्या इतिहासात असं पुन्हा झालं नाही. गाडगेबाबा तेव्हा ४२ वर्षांचे होते. त्या वेळी कारण शोधणाऱ्यांचा संशय भलत्याच जंतूवर होता. माणसातला फ्लूचा विषाणू प्रयोगशाळेत हाती लागला तो १९३३ साली.

हा विषाणू दर वर्षी रूप पालटतो, म्हणून लसही दर वर्षी. कोणते प्रकार लशीत घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. नकाशावर आपण उत्तरेला आहोत, पण आपला फ्लू थंडीची वाट पाहत नाही. महाराष्ट्रात त्याचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. त्यामुळे बहुतेक वेळा आपल्याला दक्षिण गोलार्धाची, त्या वर्षाची नवी लस एप्रिल-मेमध्ये घेणं सोयीचं पडतं. लशीचा असर यायला दोन आठवडे लागतात, म्हणजे पहिल्या पावसाआधी काम झालेलं हवं. रितुक्सिमॅबसारखं बी-पेशी संपवणारं औषध चालू असेल तर साधारण सहा महिने लस लागू पडत नाही; औषध सुरू होण्याआधी दोन आठवडे ती मिळाली तर उत्तम. ही वेळ डॉक्टरबरोबर बसून ठरवावी, मेडिकलवाल्याबरोबर नाही.

एक इशारा ठळक अक्षरात. २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं नाकात मारायची फ्लूची लस काढली. सुई नाही, म्हणून लोकांना आवडली. ती जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णानं तसली लस घ्यायची नाही. दंडातली सुईची लस मेलेल्या विषाणूची असते आणि तिच्यानं फ्लू होऊ शकत नाही. टोचल्यावर दंड ठणकेल, एखादा दिवस अंग कसकसेल. "टोचलं अन् तापच आला बाप्पा" अशी तक्रार येते तेव्हा तो ताप एक-दोन दिवसांचा असतो. खरा फ्लू आठवडा खातो. प्लेटलेट कमी असतील तर टोचणाऱ्याला आधी सांगा, बारीक सुई वापरायला लावा आणि जागा पाच मिनिटं नुसती दाबून धरा, चोळू नका.

जिवंत लशींचाच आणखी एक मुद्दा नातवंडांमुळे येतो. पोलिओचे तोंडावाटे देतात ते थेंब जिवंत विषाणूचे असतात आणि काही आठवडे बाळाच्या शीमधून बाहेर पडतात. बाळाचा डोस चुकवू नका. तेवढे दिवस आजोबांनी लंगोट बदलण्याची हौस आवरावी आणि बाकीच्यांनी साबणानं हात धुवावेत.

न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची न्यूमोकोकसची लस या रुग्णांना हवीच. तिचे डोस कसे घ्यायचे ते डॉक्टर सांगतील. आणि नागीण. सीएलएलच्या रुग्णाला ती उठण्याची भीती बरीच असते. आपल्याकडे नागिणीवर मंत्र टाकतात, पाला चोळतात, आणि दोन टोकं जुळली की माणूस जातो असं सांगून घर रडकुंडीला आणतात. टोकं जुळत नाहीत, कारण नागीण एका नसेच्या वाटेनं शरीराच्या एकाच बाजूला जाते. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात ती पसरते तेव्हाही टोकं जुळवत बसत नाही, थेट अंगभर उठते. फोड दिसल्यापासून ७२ तासांत विषाणूविरोधी गोळी सुरू झाली तर वेदना आणि पसरणं दोन्ही कमी होतं. ते ७२ तास मंत्रवाल्याच्या ओट्यावर जाऊ देऊ नका. नागिणीची जिवंत नसलेली लस २०२३ पासून भारतात मिळते, पण ती महाग आहे.

घराकडे येऊ या. सगळ्यात अवघड पाव्हणे. कोणाला कॅन्सर झाला की आपल्याकडे ‘पाहायला’ जातात. न जाणं म्हणजे माणुसकी सोडणं. मूर्तिजापूरहून मामा, दर्यापूरहून मावसभाऊ, खोकत खोकत, सोबत संत्र्यांची थैली. रुग्णाची बायको दारात उभी राहून काय म्हणणार? एक बाई मला म्हणाल्या, "पाव्हण्याले नाई कसं म्हनाव, साहेब? उद्या त्याइच्याच दारी जा लागते." मी त्यांना सुचवलं की दोष माझ्यावर ढकला. डॉक्टरनं लिहून दिलंय, खोकला असेल तर अंगणातच बसा, म्हणून सांगा. चिठ्ठीवर तसं लिहूनही दिलं. आता मी हे नियमानं लिहून देतो, कारण आपल्याकडे डॉक्टरच्या सहीला अजून मान आहे आणि तो असल्या कामी खर्चावा. ज्या घरात आजार लपवला जातो तिथे मात्र ही युक्ती चालत नाही. मुलीच्या सोयरिकीच्या भीतीनं बाप आपला आजार दडवतो, लोक येतात, मिठी मारतात, एकाच ताटात जेवतात.

दुसरा पाहुणा कूलर. अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कूलरशिवाय माणूस जगत नाही, आणि मी कोणाला कूलर बंद करायला सांगणार नाही. पण मार्चमध्ये माळ्यावरून काढलेला कूलर उघडून आत पाहा. मागच्या वर्षीचं गवत तसंच, काळं पडलेलं, हात लावला की भुसा झडतो आणि कुबट वास येतो. तोच वारा रात्रभर रुग्णाच्या छातीवर. त्या गवतावरची बुरशी निरोगी माणसाला शिंका देऊन सोडते. या रुग्णाच्या फुप्फुसात ती घर करू शकते, सीएलएलवरची इब्रुटिनिबसारखी औषधं चालू असतील तर अधिकच. जाळीतलं गवत दर उन्हाळ्यात नवं घाला, टाकी आठवड्याला रिकामी करून घासून वाळवा. डेंगीच्या डासांची पैदासही त्यानं तुटते.

तीच गोष्ट कुटाराची. तुरीचं, सोयाबीनचं कुटार भरताना उडणारी धूळ, भिजून बुरशी आलेला कडबा, शेणखताचा उकिरडा उकरणं ही कामं घरातल्या दुसऱ्यानं करावीत. शेतात जाऊ नका असं मी म्हणत नाही. शेतकऱ्याला शेत सोडायला सांगणारा डॉक्टर पुन्हा भेटत नाही. बूट घाला, काट्यानं फाटलेली कातडी लगेच धुवा, पावसाळ्यात गवतात बसू नका. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसनं धुमाकूळ घातला होता. तो गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यानं होतो.

पाण्याचं काय सांगू? अकोल्यात नळ येतो तो दिवसाआड नव्हे, दिवस मोजून. ड्रम भरून ठेवण्यावाचून इलाज नाही. खारपाणपट्ट्यातल्या गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून दूरवरून आलेलं पाणी आणखी जपून साठवतात. रुग्णाचं पिण्याचं पाणी उकळून, झाकून, वेगळ्या भांड्यात, ओघराळ्यानं काढलेलं असावं. रसवंतीचा बर्फ घातलेला रस आणि उघड्यावरची लस्सी वर्ज्य. बाकी पथ्याचा बाऊ नको. कच्चं काहीच द्यायचं नाही, फळ बंद, कांदा बंद, असे जाच घरोघरी चालतात. कडक आहाराच्या अशा बंधनांनी संसर्ग कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. सोलून खायची फळं, धुतलेली भाजी, ताजी भाकर. माणूस आधी जेवला पाहिजे.

आणि ताप. हा भाग मी सावकाश सांगतो. घरात थर्मामीटर हवा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्यापुढे ताप गेला की तो रुग्णासाठी इमर्जन्सी आहे, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आकडा लिहून ठेवण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, खरा ताप झाकला जातो. गावातल्या दवाखान्यात ‘एक सुई आणि एक सलाईन’ मारतात. त्या सुईत बऱ्याचदा डेक्सा असतं, म्हणजे स्टेरॉइड. ताप उतरतो, माणूस टवटवीत दिसतो, घरी येऊन चहा पितो, आणि जंतू आत मोकाट वाढतो. दोन दिवसांनी तो माणूस थंडगार हातपाय घेऊन सरकारी रुग्णालयात दाखल होतो. संरक्षण करणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली असतील तर त्याला तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक मिळायला हवं. धारणीच्या माणसाला घाट उतरून अमरावतीला यायलाच तीन-चार तास लागतात. म्हणून मेळघाटातल्या रुग्णानं जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आपली फाइल आधीच दाखवून ठेवावी. फ्लूची शंका असेल तर ऑसेलटामिविर हे फ्लूवरचं औषध ४८ तासांच्या आत सुरू झालेलं बरं. आणि आजारपणात इमॅटिनिब आपल्या मनानं बंद करू नका. काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरच्या औषधांशी त्याचं जमत नाही, ते डॉक्टर पाहतील.

आता गर्दी आणि मास्क. २०२१ चा फेब्रुवारी अमरावतीकर विसरलेले नाहीत. देश कोरोना संपला म्हणून लग्नं लावत होता, आणि दुसरी लाट आधी इथे, आपल्या अमरावती-अकोल्यात उठली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरं बंद झाली. त्या काळात सगळं गावच रुग्णासारखं वागत होतं: मास्क, हात धुणं, दारातून बोलणं. रक्ताच्या कॅन्सरच्या माणसाला त्याआधी कधी मास्क लावून लग्नात जाता आलं नव्हतं, लोक वळून बघायचे. आज पुन्हा बघतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराला कावड जाते, तेव्हा खांद्याला खांदा लागतो, आणि नेमका तोच फ्लूचा हंगाम. जायचंच तर कडेला उभं राहून, मास्क लावून.

मुंबईचा प्रवासही असाच. अमरावती-मुंबई एक्सप्रेसच्या जनरल डब्यात उभ्यानं रात्र काढलेली माणसं सकाळी टाटाच्या रांगेत दिसतात. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं पूर्ण भाडं माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के. डॉक्टरचा दाखला लागतो. तो मागून घ्या.

राहिला पैसा. फ्लूच्या लशीला माणशी दीड-दोन हजार लागतात. पाच माणसांचं घर धरलं तर दहा हजारांचा चटका, तोही पेरणीच्या तोंडावर. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात मोठ्या माणसांची फ्लूची लस नाही. २०१२ मध्ये सरकारची जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यांत अमरावती होतं. आता ती महात्मा फुले यांच्या नावानं चालते आणि दाखल रुग्णाच्या केमोथेरपीचा खर्च उचलते. न्यूमोनिया होऊन आयसीयूत पडलेल्या माणसावर ती खर्च करील, त्याला न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या सुईवर करणार नाही.

माझी मागणी लहान आहे. या आजाराचे रुग्ण औषधासाठी आणि रक्त तपासायला ठरलेल्या वेळी ठरलेल्या दवाखान्यात येतात. इथल्या संदर्भ सेवा रुग्णालयात आणि अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यांची नावं वहीत आहेत. एप्रिलमधल्या भेटीला येताना घरातल्या दोघांना बरोबर आणा म्हणून निरोप द्यावा, आणि त्याच खिडकीवर तिघांना लस द्यावी. जिल्हा नियोजन समितीच्या बजेटात ही रक्कम कुठल्या ओळीत लपेल हेही कळणार नाही. समितीचे दोन सदस्य पहिल्या रांगेत बसले आहेत असं मला मघाशी सांगितलं गेलं. त्यांनी मार्चआधी हा विषय पत्रिकेवर घ्यावा. आकडेवारी मी जमवून देतो.